टाके नसलेलं ऑपरेशन

वडीगोद्रीत कुणी आजारी पडलं की गल्लीनं बिस्किटाचा पुडा घेऊन भेटायला जायचं, अन् कोण आलं, कोण नाही, हे झुंबरबाईनं ध्यानात ठेवायचं, अशी रीतच पडली होती. कोण उंबऱ्यावरूनच परतलं, कुणी चहा पिऊन रोग्यापुढं स्वतःचीच दुखणी उगाळली, सगळं तिच्या डोक्यात बराबर.

म्हणून सून दैवशाला जालन्याच्या दवाखान्यातून घरी आली, तशी झुंबरबाईनं जल्दी सांगून टाकलं, "अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं."

खरं तर दैवशालाचं पोट ठणठणीत होतं. तिला झोप नव्हती, जेवण नव्हतं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. मनाच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या अन् बजावलं, "रोज फिरू द्या. माणसांत राहू द्या." पण मनाच्या आजाराला भेटायला कोण येतं? अपेंडिक्सला अख्खी गल्ली येते.

आली की! इथंच झुंबरबाईचा हिशेब चुकला. दैवशाला चप्पल घालून निघाली, तर शेजारची मीना तिला दंडाला धरून परत घेऊन आली. "मावशी, हिला कशाला फिरवू राह्यल्या? टाके उसवतील ना!" दुसऱ्या दिवशी शाळेच्या सत्यशीला मॅडमनी तिला पार वेशीवरून स्कूटीवर आणून सोडलं. फळी बिस्किटांनी भरली अन् दैवशाला पलंगाला खिळली. एका सकाळी झुंबरबाई चहा घेऊन गेली, तर सुनेचं तोंड पुन्हा भिंतीकडं.



दुपारी बायका जमल्या. मीनानं विचारलं, "मावशी, टाके किती पडले हो?"

"एक बी न्हाई." झुंबरबाईनं कप खाली ठेवला. "ऑपरेशन झालंच न्हाई. माझ्या सुनेचं मन आजारी हाय. हिला फिराया पाहिजे, अन् माझ्या थापेपायी तुम्ही हिला झोपवून ठेवू राह्यल्या."

आता आधी कोण उठतं, झुंबरबाई मनात ताडू लागली. उठली मीनाच. पण दाराकडं गेली नाही. पलंगावर दैवशालाच्या पायाशी जाऊन बसली.

"मला बी झाल्तं. सुमितच्या वेळच्या बाळंतपणात. लेकरू रडायचं अन् मी नुसती बघत बसायची. सासू म्हणली, नाटकं करती. भेटायला कुणी आलं न्हाई."

दैवशालानं कूस बदलली. "तुला बी सकाळीच जास्त वाटायचं का गं?"

"सकाळीच तर! दिवस उगवूच नये वाटायचं."

सत्यशीला मॅडम खाकरल्या. "माझ्या भावाचं तेच. आम्ही लोकांना शुगर सांगितली. बिचाऱ्याला स्वतःच्या लग्नात कुणी जिलबी वाढली नाही!"

आधी हसली ती दैवशाला. मग घरभर हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मीनाची हाक आली, "चला गं, कालव्यापर्यंत!" गल्ली बायकांनी भरून निघाली. चहाच्या टपरीवरून रामराव ओरडले, "अरे, अपेंडिक्सवाली तर पळू राह्यली!"

"अपेंडिक्स न्हाई, मामा," दैवशाला सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं म्हणाली. "मन आजारी होतं. गोळ्या घेऊ राह्यले, तुमच्यापुढं चालू बी राह्यले!"

मागून धापा टाकत आलेल्या झुंबरबाईनं मीनाच्या हातात बिस्किटाचा पुडा कोंबला.

"हे काय, मावशी?"

"तुला भेटायला आले. सुमितच्या वेळचं राह्यलं होतं."

"अहो, सुमित चौथीत गेला आता!"

"मंग चालता चालता खा. आधीच उशीर झालाय. अन् दैवशालाला गाठ, ती बघ कुठवर गेली!"