ऐंशी डाव्या बाह्या

हो, फोन मीच केला होता. नाकबूल करणाऱ्यातली मी नाही. "तुमच्या सासूला घेऊन जा, आजच्या आज न्या," असं मी माझ्या मोठ्या जावेला सांगितलं, आणि तेही अशा आवाजात की खालच्या मजल्यावरच्या बाईने खिडकी उघडून वर बघितलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यावरून मी घरातली माणसं बाहेर काढते असं कुणी म्हणत असेल, तर त्याने आधी सगळं ऐकून घ्यावं आणि मग तोंड उघडावं.

आमचे हे शाळेची बस चालवतात. शाळा बंद की बस बंद, बस बंद की पगार बंद. उन्हाळ्याचे दोन महिने आम्ही दरवर्षी ओढूनताणून काढतो. यंदा शाळेने इमारतीची डागडुजी काढली आणि दोनाचे तीन महिने केले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. त्यात आमच्या दोन खोल्या गच्चीच्या खाली, दुपारी भिंतीला पाठ टेकली तर चटका बसायचा. दूध निम्म्यावर आणलं. पंखा एकाच खोलीत लावायचा असं ठरलं, त्यामुळे सगळं घर त्या एका खोलीत. मी शिलाई मशीनवर, टेबलाशी कात्री घेऊन सासूबाई, आमची सात वर्षांची लेक भिंगरी लोंबणारे दोरे कापायला, आणि हे जमिनीवर बसून शर्टांना बटणं लावायला. एवढी मोठी बस गर्दीतून लोण्यासारखी काढणारा माणूस, पण सुईत दोरा ओवायचा म्हटलं की जीभ बाहेर यायची.

काम शाळेच्या गणवेशाचं होतं. चाळीस शर्ट, पूर्ण बाह्यांचे. कापड दुकानदाराचं. त्याने आम्हाला पहिल्यांदाच काम दिलं होतं, आणि नीट झालं तर सगळा उन्हाळा देतो म्हणाला होता. बिघडलं तर पुन्हा पायरी चढायची नाही. आमचा सगळा उन्हाळा त्या चाळीस शर्टांवर उभा होता.

सासूबाईंनी तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कापणी केली आहे. टेप लावल्याशिवाय नुसत्या नजरेने माप सांगतात. कात्रीला दुसऱ्याचा हात लागलेला खपत नाही. आमचं दिवसभर जुंपलेलं असतं. मी म्हणते खिडकी उघडा, त्या म्हणतात झळ येते. मी म्हणते चहात साखर कमी, त्या म्हणतात तुझ्या बोलण्यातही कमीच आहे. भांड्याला भांडं लागणारच, आणि आमच्याकडे तर खोलीच एक.

शर्टांचे पुढचे-मागचे भाग त्यांनी आदल्या दिवशी कापून दिले होते. फोन केला त्या दिवशी बाह्या कापायच्या होत्या. त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून टेबलावर कापडाचे थर मी पसरत गेले आणि त्या कापत गेल्या. दुपारी मी पहिल्या शर्टाला डावी बाही जोडली, उजवी उचलली, तर तीही डावी. दुसरी उचलली, डावी. गठ्ठाच्या गठ्ठा उपसला. ऐंशीच्या ऐंशी बाह्या डाव्या! कापडाची एक बाजू चकचकीत, दुसरी फिकट, त्यामुळे उलटी करून लावायचीही सोय नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीस वर्षं काय केलंत कारखान्यात? माशा मारल्यात?" इथून सुरुवात झाली. सासूबाईंनी एक बाही हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, माझ्याकडे बघितलं आणि खाली ठेवली. एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई गप्प बसली, म्हणून मी आणखी चवताळले आणि फोन उचलला. जाऊबाई उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. "वय झालं गं त्यांचं," म्हणाल्या, "तुम्हाला झेपत नाही तर पाठव इकडे. तेवढाच तुमचा एक माणसाचा खर्च वाचेल." आणि मी म्हटलं, न्या. सासूबाई माझ्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत माझा राग उतरला. पण फोन करून "नको, राहू दे" म्हणायला जीभ वळेना. मला वाटलं, हे लोक कुठे एवढ्या तातडीने येतात! त्यांना वाढदिवसाला बोलावलं तरी चार वेळा आठवण करावी लागते.

पण मोठे भाऊजी दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात. गार गाडीतून उतरलेले, त्यामुळे आमच्या खोलीत पाऊल टाकताच कपाळावर रुमाल. "आई, तयार आहेस ना? खाली गाडी लावायला जागा नाही," म्हणाले.

सासूबाई तयार होत्या. केस विंचरलेले, पायात चपला, शेजारी बॅग. मी न्हाणीघरात भिंगरीला आंघोळ घालत असताना कधी भरली कोण जाणे. भिंगरी ओल्या केसांनी धावत येऊन त्यांना चिकटली आणि माझ्याकडे असं बघायला लागली, जसं काही मला चोरी करताना पकडलंय.

"इकडे ये," सासूबाईंनी मला टेबलापाशी बोलावलं. आवाज हळू, भाऊजींना ऐकू जाऊ नये असा. "निम्म्या बाह्या बाजूला काढ. कॉलर, कफ, खिसे त्यातूनच निघतील, त्याला डावं-उजवं नसतं. कॉलर-कफांसाठी राखलेलं कापड आहे ना, त्यातून उजव्या बाह्या बसतील. मी खडूने आखून ठेवल्यात. आणि थर लावताना चकचकीत बाजूवर चकचकीत बाजू येऊ दे. सगळे थर एकाच तोंडाने लावू नकोस."

मी टेबलाकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे. सगळे थर एकाच तोंडाने मीच तर लावले होते! कारखान्यात थर समोरासमोर लावायची रीत, म्हणून एकदा कात्री चालवली की डावी-उजवी जोडीने निघते. त्या माझ्या भरवशावर कापत गेल्या होत्या. आणि काल बाही हातात घेतली तेव्हाच त्यांना कळलं होतं.

"आई, हे तुम्ही काल का नाही बोललात?"

"बोलणार, तोवर तू फोन लावलास," त्या म्हणाल्या. "तिकडे ऐकणारी होती. माझं काय, म्हातारी चुकली म्हणतील आणि सोडून देतील. तुझं नाव कशाला खराब करायचं?"

आता मला सांगा, या बाईला काय म्हणायचं? मी बोल बोल बोलले, आणि ती सगळा दोष स्वतःवर घेऊन, चपला घालून निघाली. वर माझं काम निस्तरून. लाज वाटली मला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाज वाटली की मी रडत नाही, माझा आवाज चढतो.

"भाऊजी, आई कुठेही येणार नाहीत!"

"अगं, काल तूच तर—"

"हो, मीच. चूकही माझीच होती, थर मी चुकीचे लावले. जाऊबाईंना जाऊन सांगा, हवं तर मीच फोन करून सांगते. मी आईंशी काल भांडले, उद्याही भांडेन. त्यात तुम्ही पडायचं कारण नाही."

भाऊजींनी खोलीवर नजर फिरवली. बटणांची डबी, वाळत घातलेली ओली चादर, धापा टाकणारा पंखा. वाईट माणूस नाही तो, पण त्याला सगळं वजन-मापाने कळतं. "तुमची परिस्थिती मला दिसतेय ना," ते म्हणाले. "ती तुमच्या कामाला लागते म्हणून ठेवून घेताय का?"

हे मात्र माझ्या वर्मी लागलं. "कामाला लागते म्हणून मशीन ठेवतात, भाऊजी. आई आमच्या आहेत म्हणून इथे आहेत. अर्धा कप दूध आलं तर त्या मला पोट जड आहे म्हणून खोटं सांगतात आणि पोरीला देतात. मला ते कळतं, आणि मी कळलं नाही असं दाखवते. या उन्हाळ्यात आमच्याकडे दुसरं काही नाही, पण हे आहे. आणि हे मी कुणाला द्यायची नाही!"

आमचे हे सुई टोचलेलं बोट तोंडात धरून बसले होते. ते बोट काढून म्हणाले, "दादा, तिचं जे म्हणणं तेच माझं." लग्नाला दहा वर्षं झाली, इतकं वेळेवर ते पहिल्यांदाच बोलले.

"अरे, पण आईला विचारा की कुणीतरी," भाऊजी वैतागले.

खरंच कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. सासूबाई भिंगरीचे केस पुसत होत्या.

"तुझ्याकडे मला काही कमी नसतं, बाबा," त्या म्हणाल्या. "गार हवा, मऊ गादी. तिथे माझ्या हातून कधी काही चुकत नाही. कारण माझ्या हातात कुणी काही देतच नाही."

भाऊजींनी रुमाल खिशात ठेवला. मग वाकून आईच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि जिना उतरून गेले. मी मागून ओरडले, "रविवारी जेवायला या! जे असेल ते खायचं, नावं ठेवायची नाहीत!"

बॅग मी आत नेली. उचलली तेव्हा हाताला हिसका बसला, दोन-चार दिवसांच्या कपड्यांची बॅग अशी जड नसते. उघडून एकेक वस्तू फळीवर लावायला लागले. कपडे, चष्म्याचं घर, औषधं, आणि तळाशी त्यांचा जाड स्वेटर.

"हे काय?" मी बाहेर येऊन स्वेटर त्यांच्यापुढे धरला. माझा आवाज पुन्हा चढला होता. "अंगाची लाही होतेय इथे, आणि तुम्ही स्वेटर भरलात?"

सासूबाईंनी वर बघितलं नाही. भिंगरीच्या केसांची गाठ सोडवत म्हणाल्या, "तू परत कधी बोलावशील, ते कुठे माहीत होतं मला."