घोडी, शिंगरू आणि क्लच

पहाटे पडलेलं स्वप्न सुनेने सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सांगून टाकलं, तिथेच चुकलं. कारण समोर सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांना स्वप्नांचा अर्थ लावायचा भारी नाद. शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढून निवृत्त झालेली बाई. स्वप्नांसाठीसुद्धा त्यांची वेगळी वही होती, विषयवार.

"काय दिसलं ते नीट सांग."

"घोडी होती, आई. आणि तिचं शिंगरू, नुकतं जन्मलेलं. उठायला बघायचं आणि धपकन पडायचं. घोडी आपली नुसती शेजारी उभी! मला इतका राग आला तिचा."

सासूबाईंनी पानं चाळली. मांजर आणि पिल्लं म्हणजे पाहुणे. कोंबडी आणि पिल्लं म्हणजे घरात कटकट. "हां, हे बघ. घोडी-शिंगरू. घरातलं कुणीतरी स्वतःच्या पायांवर उभं राहणार. घोडी म्हणजे तू."

"मग शिंगरू मी," नवरा खुशीत म्हणाला. बढतीची वाट बघून बघून त्याचे डोळे पांढरे झाले होते.

"तू गप बस," सासूबाई म्हणाल्या. "शिंगरू मी. मला गाडी शिकायचीय."

नवऱ्याला ठसका लागला. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या.

"वहीत असं लिहिलंय?" सुनेने विचारलं. तिची स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल होती, त्यामुळे सुटकेला वाव कमी होता.

"वही माझी, अर्थही माझा." मग आवाज जरा खाली आला. "माझी ताई नदीपलीकडे एकटी असते. तिला भेटायचं तर दर वेळी याचा रविवार मोकळा होण्याची वाट बघायची. नको झालंय मला."



गोदामांच्या मागच्या मोकळ्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी क्लच सोडताना गाडी अकरा वेळा बंद पडली. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो. सुनेचा पाय त्यावरून हलेना. एरवी विद्यार्थ्यांना फाडून खाणारी ती, इथे मात्र "छान, आई. जमेल, आई," करत होती.

तिसऱ्या आठवड्यात चौकात तिचा तोल सुटला. "आई, डावीकडे! डावीकडे म्हणजे डावीकडे!"

सासूबाईंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. "बावीस वर्षांत माझ्यावर ओरडली नव्हतीस."

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. "चुकलं, आई."

"चुकलं कसलं? गोड गोड बोलत राहिलीस म्हणून तर मला वळण घेता येत नव्हतं. ओरड खुशाल. पण तो ब्रेक सोड. दर वेळी तूच दाबतेस, मग मला कळायचं कधी?"

सुनेने पाय काढला आणि पुढचा अर्धा तास जीव मुठीत धरून ओरडत राहिली. दोघींनाही फार बरं वाटलं.

पहिल्या परीक्षेत रिव्हर्स घेताना खांबाला धक्का लागला. सासूबाई दोन दिवस तोंड फुगवून बसल्या. दुसऱ्या परीक्षेत पास झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सुनेला शेजारी बसवून नदीपलीकडे निघाल्या. पुलावर मागून हॉर्नचा नुसता गदारोळ चालला होता. त्यांनी वेग तसूभरही वाढवला नाही.

गाडीचा आवाज ऐकून ताई दारात आल्या. त्या चौऱ्याहत्तरच्या, गुडघ्यांनी बेजार. वाकून त्यांनी मागच्या सीटवर पाहिलं. "भाचा कुठाय? झोपलाय?"

"तो घरी आहे."

"मग गाडी सुनेने आणली?"

सून शेजारच्या सीटवरून उतरत होती. ताईंनी बहिणीच्या हातातली किल्ली पाहिली. मग आत गेल्या आणि चपला घालून, पर्स घेऊन बाहेर आल्या. दाराला कुलूप लावलं.

"चहा नंतर. आधी मला एक चक्कर मारून आण," म्हणत त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

सुनेला मागे बसावं लागलं.