चार नंबरच्या टाकीतली फिलू

सोमवारपासून चार नंबरच्या टाकीतली बिअर माझ्या बायकोच्या आवाजात बोलायला लागली. फिलू वारली त्याला वर्ष होत आलं होतं, त्यामुळे आवाज ओळखायला मला जरा वेळ लागला.

दोष माझ्या डब्याचा. आम्हा वसईकर ख्रिस्ती लोकांत ताडीत पीठ आंबवून फुगे, म्हणजे गोल वडे, तळतात आणि त्यातलं मूठभर पीठ पुढच्या वेळेला राखून ठेवतात. फिलूने राखलेलं पीठ मी अजून जिवंत ठेवलं होतं. रिकाम्या घरात ते फुगेना, म्हणून डब्यात घालून कामावर, माणसांत आणलं. ब्रुअरीत आंबलेलं काही आणायला बंदी आहे, अगदी दहीसुद्धा. पण मी स्टोअरकीपर. इतरांचे डबे मी तपासायचो, माझा कोण तपासणार?

आमच्या ब्रुअर देवस्थळी मॅडम. त्यांनी नळातून ग्लासभर काढून वास घेतला आणि रानटी यीस्ट शिरल्याचं सांगितलं. आपलं पाळीव यीस्ट थोडी साखर खातं, थोडी ठेवतं, म्हणून बिअरला गोडी. हे काहीच ठेवत नाही. मी म्हटलं, फिलूचं ताटही असंच, घासायला काही उरायचं नाही. मॅडम हसल्या नाहीत. शुक्रवारी टाकी गटारात सोडू, नाहीतर बाकीच्या बाटतील, असं म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून शब्द बदलला, नासतील म्हणाल्या.

साखर संपत आली तसा फिलूचा आवाज खरखरीत झाला. मी झाकण उघडून विचारलं, काय देऊ?

"गोड काहीतरी सांग."

मी आमचं लग्न सांगितलं. तिच्या भावाने बँडवाल्याशी भांडून ढोल स्वतःच गळ्यात अडकवला होता. टाकीत बुडबुडे उठले, ती पोटभर हसली. घरी गेलो तर स्वयंपाकघर नव्हतं. बाहेरची खोली थेट मोरीला लागली होती. लग्न मला आठवत होतं, पण मालाच्या नोंदीसारखं: लग्न झालं, ढोल वाजला, जेवण पुरलं.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी मागितलं. मी तिचं रुसणं दिलं, आमची भाजीची वाडी दिली, आजारपणात ती माझ्या बनियनला नावं ठेवायची तेही दिलं. तिचा आवाज तरण्या पोरीसारखा होत गेला. घर आखडत गेलं. गुरुवारी पुढचं दार उघडलं तर समोर मागचं दार. मधे झोपायला जागा नव्हती, म्हणून ब्रुअरीत परत आलो आणि टाकीला टेकून बसलो. ती आत गाणं म्हणत होती. चाल बरी होती.

शुक्रवारी देवस्थळी मॅडमनी टाकीला कान लावला. बराच वेळ तो तसाच ठेवला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "इनासभाऊ, मालकांशी मी बोलते. ही टाकी वेगळी ठेवू. तुम्ही फक्त सोडू नका म्हणा."

मी स्वतःच्या आत शोधलं. सगळं जागच्या जागी होतं, कोरडं, नीट रचलेलं.

"सोडा," मी म्हटलं.

त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. फेस उताराने जाळीकडे जायला हवा होता. तो वळून माझ्याकडे आला, चपलांवर चढला, घोट्यांवरून गुडघ्यांपर्यंत आला. कोमट होता.

"जेवलास का?" त्याने विचारलं.