डबलसीट सत्तर

हौसरावाला बायको एक आणि फटफटी एक. दोघींपैकी कुणाच्या तब्येतीची त्याला जास्त काळजी होती, हे शिरूरच्या पेठेतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. अंजनाला ताप आला तर तो म्हणायचा, "उतरंल." फटफटीच्या इंजिनात जरा टकटक झाली की मात्र या माणसाला जेवण गोड लागायचं नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात हे वेड अगदी टोकाला गेलं. पेट्रोलचे भाव असे भडकले होते, की कित्येकांनी आपल्या फटफट्या गोणपाट टाकून गोठ्यात उभ्या केल्या. हौसराव पडला सोसायटीचा सेक्रेटरी, त्याला रोज चार गावं हिंडायची. मग त्याने पेट्रोल पुरवून वापरायची विद्याच काढली. उतार लागला की इंजिन बंद. घर दोन फर्लांगांवर आलं की पेट्रोलचा कॉक बंद, नळीत उरलेल्या थेंबांवर गाडी दारात यायची. काटा चाळिसाच्या वर कधी न्यायचा नाही. टायरमध्ये हवा इतकी टच्च, की मागे बसणाऱ्याला आपले मणके एकेक करून कळावेत. वजन कमी करायचं म्हणून त्याने आरसा काढला, हत्यारांची पेटी काढली आणि शेवटी साडीगार्डही काढून माळ्यावर टाकलं. तेव्हापासून अंजना एका हाताने सीट आणि एका हाताने लुगडं धरून बसायची. चाकात पदर गेला तर काय, असं तिने एकदा विचारलं होतं. "पदर आवरून बसायचं," एवढं उत्तर मिळालं.

एवढा आटापिटा केल्यावर त्याची गाडी लिटरला पंच्याहत्तर किलोमीटर द्यायची. हे तो भेटेल त्याला सांगायचा. खताचा दुकानदार सोपानराव याला ते ऐकवत नसे, कारण त्याची गाडी पंचावन्नच्या पुढे सरकत नव्हती. एक दिवस भर चौकात तो म्हणाला, "एकट्यानं कुणीबी काढंल, सेक्रेटरी. मागं माणूस बसवून सत्तर काढून दाखवा. भरचौकात मिशी उतरवतो!" दहा माणसं हसली. हौसरावाला त्या रात्री झोप आली नाही.

अंजनाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चौकातल्या गोष्टी घरात सांगायची त्याला सवय नव्हती.

आणि वैशाखातल्या एका सकाळी आठच्या सुमारास दौंडहून एक ट्रकवाला निरोप घेऊन आला. अंजनाची आई आक्काबाई दौंडला धाकट्या मुलाकडे, मच्छिंद्रकडे असायची. मच्छिंद्र रेल्वेत इंजिनावर फायरमन. निरोप त्याचाच होता: म्हातारीनं अन्न सोडलंय, सारखी अंजीचं नाव घेतीय, आजचा दिवस निघेल असं दिसत नाही, लगोलग या.

साडेदहाची यष्टी होती, ती सव्वाबारापर्यंत दौंडात सोडायची. अंजनाने घाईघाईने पिशवी भरायला घेतली. आईने मागच्या खेपेला हुलग्याचं माडगं मागितलं होतं, ते तिने चुलीवर ठेवलं. तेवढ्यात हौसराव आत आला. सासू मरायला टेकल्याची बातमी ऐकून जावयाच्या तोंडावर जे दिसायला हवं, ते दिसत नव्हतं. डोळे लकाकत होते.

"यष्टीची वाट कशाला बघायची?" तो म्हणाला. "फटफटीवर जाऊ. साडेधाला तर दौंडात आसू आपुन."

अंजनाचे डोळे भरून आले. बारा वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्या माहेरासाठी पेट्रोलचा थेंब जाळला नव्हता. माणूस वरून असा दिसतो, पण वेळेला उभा राहतो, असं तिला वाटलं. बिचारीला तसं वाटलं खरं.

निघताना त्याने पितळी डबा तिच्या हातातून काढून ओट्यावर ठेवला. "ह्यो दीड किलोचा ऐवज कशाला? तिथं काय भांडी न्हाईत?"

"भांड्याचं न्हाई वो. आईसाठी माडगं हाय."

"तिथं करून घाल."

माडगं ओट्यावरच राहिलं.

पंपावर सोपानराव आधीच येऊन उभा होता. तो इथे कसा, हे अंजनाला कळेना. पंपवाल्याने टाकी भरली. हौसरावाने गाडी डावी-उजवी हलवून आतली हवा काढली, पुन्हा थेंब थेंब भरायला लावलं, अगदी काठाला पेट्रोल दिसेपर्यंत. मग सोपानरावाने झाकणाला सुतळी आवळली आणि गाठीवर लाख ओतली. दौंडच्या पंपवाल्याने पुन्हा काठोकाठ भरून किती बसलं ते लिहून द्यायचं, असं ठरत होतं. दोन मोठी माणसं लग्नाच्या देण्याघेण्याची याद करावी तशी गंभीर तोंडं करून बोलत होती आणि घड्याळ पुढे चाललं होतं. अंजनाने दोनदा "अहो" म्हटलं. दोन्ही वेळा त्याने हात वर करून तिला गप्प केलं.

निघताना सोपानराव तिला म्हणाला, "वैनी, नीट बसा. वाटंत कुठं उतरू नगा हां." तिला वाटलं, किती काळजीने बोलतोय.

गाडी हलली तेव्हा दहा वाजून गेले होते.

गावाबाहेर पडल्यावर पहिला चढ आला. हौसरावाने गाडी थांबवली. "उतर."

"का वो? काय झालं?"

"चढाला इंजिन दमतं. तू चालत वर ये, मी फुडं थांबतो."

ती उतरली. तो वर गेला, ती पाठोपाठ चालत गेली, वर जाऊन बसली. उतारावर त्याने इंजिन बंद केलं आणि गाडी नुसती घरंगळत निघाली, बैलगाडीपेक्षा थोडी बरी. उताराचा जोर संपून चाक अगदी थांबायला आलं, तेव्हा कुठे किक मारली. पुढे दुसरा चढ. "उतर." मग तिसरा. शिरूर-दौंड रस्ता कुणाला विचाराल तर तो सपाटच सांगेल. पण पायी चढून बघा. हौसरावाला त्या रस्त्यावरची बोटभर उंचीसुद्धा पाठ होती, आणि प्रत्येक उंचीला अंजनाचे पाय लागत होते. तिच्या एका चपलेचा अंगठा तुटला. तिने दोन्ही चपला पिशवीत टाकल्या. डांबर पघळलं होतं, म्हणून ती कडेच्या मातीतून चालू लागली.

"अहो, जरा जोरात घ्या की," ती म्हणाली. "आई जाईल वो माझी."

"चाळिसाच्या वर न्हेली की पेट्रोल ढोसती ही. आन् म्हातारी कुठं जातीय? गेल्या साली बी आसंच बोलावलं हुतं."

गेल्या साली बोलावलं होतं तेव्हा त्याने तिला पाठवलंच नव्हतं, हे तो विसरला असावा.

न्हावऱ्याच्या पुढे एक लांबलचक चढ आहे. अंजना त्याच्या मध्यावर होती, हौसराव माथ्यावर बाभळीखाली गाडी लावून उभा होता. मागून यष्टी आली, तीच साडेदहाची. चढाला ती धापा टाकत, माणूस चालेल इतकी सावकाश आली. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "अगं अंजे! अंजेच हायेस न्हवं?"

साळूबाई होती. दौंडला मच्छिंद्रच्या शेजारीच राहायची, न्हावऱ्याला लेकीकडे येऊन परत निघाली होती. "उन्हाची चालत कुठं निघालीस? चढ की वर! आक्काबाईचं काय खरं न्हाई म्हनत्यात!"

कंडक्टरने दार उघडून धरलं. माणूस भला होता. अंजनाने लुगडं वर खोचलं आणि धावली. दांडीला तिचा हात लागलाही. तेवढ्यात हौसराव माथ्यावरून पळत खाली आला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

"खुळी का काय तू? तू गेलीस तर गाडीवर कोन बसंल? डबलसीटची पैज हाय!"

"कसली पैज?"

"सोपानरावासंगं. मागं माणूस बसवून सत्तर काढायचं. दौंडच्या पंपावर दोघं दिसाय नगो का?"

कंडक्टर दोघांकडे बघत राहिला. नवरा-बायकोच्या भांडणात पडायला त्याला वेळ नव्हता. त्याने दोरी ओढली, घंटा वाजली, यष्टी चढ चढून पलीकडे गेली. खिडकीतून साळूबाईचा हात बराच वेळ हलत होता.

अंजना रस्त्यावर उभी होती. म्हणजे आपल्याला आईसाठी आणलं नाही, ओझं म्हणून आणलंय, आणि ओझंसुद्धा खोटंच, चढाला उतरवून ठेवायचं, हे तिला तिथे, त्या तापल्या मातीत कळलं. तिला त्याचा इतका राग आला, की एक दगड उचलून त्या टाकीवर घालावा असं वाटलं. पण दगड घालून दौंड जवळ येणार नव्हतं. ती मुकाट्याने चढ चढून वर गेली आणि मागे बसली. पुढच्या चढाला तो "उतर" म्हणायच्या आधीच ती उतरली.

भीमेचा पूल ओलांडून दौंडच्या पंपावर पोहोचेपर्यंत एक वाजून गेला होता. पंपाला कुलूप. राखणदार म्हणाला, "तीनला उघडंल. मालक जेवाय गेल्यात."

"घर अर्ध्या मैलावर हाय," अंजना म्हणाली. "मला सोडा आन् परत या."

"आता किक मारली तर अर्ध्या मैलाचं पेट्रोल वाढलं. पैजेत ते बसत न्हाई. थांब जरा, बघू मालक लवकर येतोय का."

या वेळी ती थांबली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. अनवाणी पळत सुटली. रेल्वेचं फाटक बंद होतं, मालगाडी जात होती, एकामागून एक डबे संपता संपेनात. फाटक उघडलं तशी ती पुन्हा धावली, आणि चाळीच्या कोपऱ्यावर येताच तिला बायकांचं रडणं ऐकू आलं.

आक्काबाई अर्ध्या तासापूर्वी गेली होती.

अंजना आईच्या अंगावर कोसळली. बायकांनी तिला आवरलं. साळूबाई तिच्या शेजारी बसून पदराने डोळे पुसत होती आणि रडता रडता सगळं सांगत होती, कारण तिच्या मनात काही पाप नव्हतं.

"सकाळपास्नं जीव धरून हुती गं. मच्छिंद्र म्हनायचा, दाजींची फटफटी हाय, ताईला घिऊन आत्ता येतील. की मान हालवायची. दाराकडं तोंड करून पडली हुती. मी आले, मला खुणेनं इचारलं, अंजी दिसली का? म्या सांगितलं, दिसली की, येतीया, न्हावऱ्याच्या चढाला हाय. तर म्हनली, फटफटीवर ना? मी म्हनलं, न्हाई वो, फटफटी नुस्ती उभी हाय, चालत येतीया." साळूबाईने हुंदका दिला. "तवा म्हनली, चालत? आगं मंग न्हाई गाठ पडायची. आन् दाराकडचं तोंड भिताडाकडं केलं. परत काय बोलली न्हाई."

अंजनाचं रडणं थांबलं.

बाहेर हौसराव आला. गाडी हाताने ढकलत आणली होती, घामाने निथळत होता. चाळीतल्या माणसांना वाटलं, सासूसाठी जिवाचं रान करत आला जावई, गाडी बंद पडली तरी थांबला नाही. कुणी त्याला पाणी दिलं. मच्छिंद्रने गळ्यात पडून हंबरडा फोडला. हौसरावाने त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि इकडे तिकडे पाहिलं. दारापुढे एकच लिंबाचं झाड होतं आणि त्याच्या सावलीत चौघेजण तिरडी बांधत होते.

"मच्छिंद्र," तो हळूच म्हणाला, "तेवढी गाडी सावलीत घ्याय पायजे बघ. उन्हात पेट्रोल उडतं."

मच्छिंद्रला आधी कळलंच नाही. मग तो आतून सुन्न असल्यासारखा म्हणाला, "दाजींची गाडी घ्या रे सावलीत."

जावई माणूस, आणि असल्या वेळी वाद कोण घालणार? त्या चौघांनी बांबू उचलले, कडबा उचलला आणि उन्हात नेऊन बांधायला बसले. फटफटी लिंबाखाली उभी राहिली.

उन्हाळ्याचे दिवस, फार वेळ थांबता येत नव्हतं. अंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून आक्काबाईला बाहेर आणलं आणि तिरडीवर ठेवलं. ऊन सरळ तिच्या तोंडावर पडत होतं. अंजना बाहेर आली. तिने लिंबाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, गाडीला टेकून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"मी चालत आले," ती मोठ्याने म्हणाली. "हरेक चढाला मला उतरवलं ह्यांनी. ऐका समदे. म्हनून आई गेली माझी."

हौसराव चटकन पुढे आला, तिच्या कानाशी वाकला. "हळू बोल," तो म्हणाला. "सोपानरावाच्या कानावर जाईल."

मच्छिंद्रने बहिणीचा दंड धरला. "ताई, आता नको. चार मानसं बघत्यात."

तिने दंड सोडवून घेतला आणि तिरडीच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली, सूर्याकडे पाठ करून, म्हणजे तिची सावली आईच्या तोंडावर पडावी. पायाखाली जमीन तव्यासारखी तापली होती. ती हलली नाही.

हौसरावाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पंप उघडायला अजून वीस मिनिटं होती.