विमानाच्या पायातली खीळ

मी विमानाच्या पायातली खीळ बोलतेय. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. विमान उतरताना सगळे खिडकीतून बाहेर बघतात, खाली कोण कण्हतंय ते कोण बघतं? चाकाचा पाय वर जिथे जोडलेला असतो, तिथे आडवी मी. मनगटाएवढी जाड, आतून पोकळ, पोलादाची. आज मात्र टेबलावरच्या लोखंडी पकडीत अडकलेय आणि समोर करवत ठेवलीय. ती चालू होईपर्यंत चार शब्द बोलून घेते.

भट्टीतून निघाले तेव्हा मला इतकं तपासलं, इतकं तपासलं, की आजारी माणसाचं कुणी करत नसेल. मग अंगावर नंबर कोरला. त्या नंबरावर माझं आयुष्यही ठरलं. इतक्या वेळा जमिनीला टेकलीस की तुझं काम संपलं, असं आधीच सांगून टाकलं. माणसांना असं कुणी सांगत नाही, बरंच आहे म्हणा.

हे ठरवतं कोण? तर जगातल्या देशांची मिळून एक मोठी संस्था आहे. ती म्हणते, आकाश सगळ्यांचं एकच, तेव्हा सुरक्षेची रीत निदान इतकी तरी सगळीकडे सारखी हवी. मग प्रत्येक देशाचं आपलं विमान वाहतूक खातं त्या रीतीचा कायदा करतं आणि ती पाळतात की नाही ते बघायला माणसं पाठवतं. थोरली जाऊ रीत सांगते, धाकट्या आपापल्या घरात ती चालवतात, तसंच.

आमच्या विमान-दुरुस्तीच्या शेडमध्ये खात्याच्या तपासणीस बाई यायच्या. एकदा मिस्त्री हळूच म्हणाला, "आल्या सासूबाई."

बाईंचे कान तिखट. म्हणाल्या, "सासू आमटीतलं मीठ बघते, मी खिळी बघते. दाखवा."

हा मिस्त्री म्हणजे ज्याने मला पहिल्यांदा विमानात बसवलं तो. वर्षानुवर्षं तोच मला काढायचा, पुसायचा, ग्रीस लावून परत बसवायचा. दर उतरण्याला अख्ख्या विमानाचा भार माझ्यावर आदळायचा. माणसं, सामान, कुणाचं झोपलेलं बाळ. पोलाद थकतं बरं. हे मी माझ्या मनचं सांगत नाही, त्यांच्या शास्त्रातच त्याला थकवा म्हणतात. चेहऱ्यावर काही दिसत नाही, आत केसासारखी भेग पडत जाते, आणि मग एका दिवशी एकदमच.

तसं झालंही. दूरच्या एका देशात माझ्यासारखीच एक खीळ तुटली आणि विमान पोटावर घसरलं. माणसं वाचली. तिथल्या खात्याने सगळ्यांना कळवलं आणि थोड्याच दिवसांत आमच्या खात्याचा हुकूम आला, की या जातीच्या सगळ्या खिळी ठरल्या मुदतीआधीच काढा. एकीचं मोडलं म्हणून सगळ्या बहिणी घरी. खरं सांगू, मला बरं वाटलं. थकले होते.

काढलेल्या खिळीला मधोमध कापायचं असतं. परत कुणी वापरू नये म्हणून. पण मिस्त्रीचा हात होईना. "इतकी वर्षं राबली, हिला करवत लावू?" असं पुटपुटत त्याने मला फडक्यात गुंडाळलं आणि घरी नेलं.

त्याच्या आईने विचारलं, "हा काय धोंडा आणलास?"

"आई, दार वाऱ्याने आपटतं ना, त्याला लाव. विमानाची आहे."

"दाराला विमान लावलंस. घर उडालं नाही म्हणजे मिळवली."

ते दिवस सुखाचे. दाराला हिरवा रंग दिला तेव्हा थोडा ओघळून माझ्या पोकळीत गेला आणि तिथेच वाळला. मग एकदा मिस्त्रीचा मेहुणा आला. त्याचं भंगाराशी येणंजाणं. मिस्त्री कामावर होता.

"मावशी, हे नेऊ का?"

"ने बाबा. माझा अंगठा रोज ठेचतो त्याच्यावर."

मिस्त्रीला वाटलं, गेली भट्टीत. मेहुण्यालाही तसंच वाटलं. पण भंगारवाल्याने मला ओळखलं आणि विमानाचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाला दिलं. तिथे माझा नंबर घासून काढला, नवा कोरला, चकाकी दिली, सोबत नवा कागद. म्हातारीला नटवून उभी केली. माझं कोण ऐकणार?

आणि खोक्यातून बाहेर आले ती त्याच शेडमध्ये, त्याच मिस्त्रीच्या हातात. त्याने सवयीने आत बोट फिरवलं. नखात हिरव्या रंगाचा टवका आला. तो स्टुलावर बसलाच.

शेडचे साहेब घाईत होते. "बसव आणि मोकळा हो. सकाळी विमान जायचंय."

"ही बसणार नाही, साहेब."

"का? माप चुकलं?"

"माप बरोबर आहे. ही माझ्या घरच्या दाराची आहे."

सगळं ऐकून साहेबांनी आवाज खाली आणला. "दुसरी मागवू. ही परत पाठव. दाराचं कुठे बोलू नकोस, लायसन जाईल तुझं."

मिस्त्रीने मला परत खोक्यात न घालता टेबलावर ठेवलं. मुलांच्या शाळा, आईची औषधं, सगळं त्या लायसनवर. मग म्हणाला, "परत पाठवली तर उद्या दुसऱ्या कुणाच्या विमानात बसेल. आणि त्या दुकानात हिच्यासारख्या अजून किती असतील?" त्याने स्वतःच बाईंना फोन लावला.

दुकानाला कुलूप लागलं. आत माझ्यासारख्या आणखी सापडल्या, काही आधीच परदेशी विकल्या गेल्या होत्या. तिकडच्या खात्यांनाही कळवलं. मिस्त्रीचं लायसन बाईंनी काही महिन्यांसाठी काढून घेतलं. ओरडल्या नाहीत. स्वतः सांगितलंत म्हणून महिन्यांवर निभावलं, एवढंच म्हणाल्या.

चौकशी संपेपर्यंत मी कपाटात होते. आज बाहेर काढलंय. बाई म्हणाल्या, "तेव्हा हात झाला नाही. आता होईल?"

"माझ्याकडे लायसन नाही, बाई."

"करवत चालवायला लायसन लागत नाही."

बघा, त्याने करवत उचलली. पातं माझ्यावर टेकवलं आणि मागे घेतलं. अरे, थांबू नकोस. तू जीव लावलास, तो पोचला मला. पण थकलेल्याला आठवण म्हणून जपून ठेवू नये रे, कुणीतरी उचलून परत कामाला जुंपतं. मधोमध काप. सांधता येऊ नये असं काप.

आणि आईला सांग, दाराला वीट लाव.