दोन किल्ल्यांची पेटी

मी एक जुनी पेटी आहे. ओकच्या लाकडाची, लोखंडी पट्ट्यांची आणि दोन कुलपांची. मित्रांनो, जवळ येऊन बसा, पण झाकणाला हात लावू नका. राग मानू नका, माझा स्वभावच तसा आहे. कोणी माझ्याकडे आले की मी आधी त्याचे हात पाहते आणि मग तोंड.

माझा जन्म थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर, सदर्कमध्ये झाला. मला घडवणारा सुतार यूस हा फ्लँडर्सहून पळून आलेला परदेशी होता. शेजारीपाजारी त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहत आणि तोही त्यांच्याकडे तसाच पाहत असे. हातोड्याचे चार घाव घातले की तो उठून खिडकीतून डोकावून येई. माझ्या लाकडात संशय मुरला तो तिथेच.

मला विकत घेतले ते 'बगळा' नाटकघरातल्या मंडळींनी. छपरावर बगळ्याचे निशाण चढले की लोक होड्यांत बसून नदी ओलांडत आणि दुपारी दोनला खेळ सुरू होई. एका बाजूला अस्वलांची झुंज चाले, दुसऱ्या बाजूला गुत्ते होते. अशा वस्तीत मला रंगपटात, पडद्याच्या अगदी मागे ठेवले.

माझे काम मोठ्या जोखमीचे होते. आमच्याकडे नाटकाची संपूर्ण प्रत एकच असे. तिच्या शेवटच्या पानावर दरबारी अधिकाऱ्याची परवानगीची सही असे. ती प्रत दुसऱ्या मंडळीच्या हाती लागली की त्यांनी नाटक बसवलेच म्हणून समजा. म्हणून ती माझ्या पोटात राही. नटांना पूर्ण नाटक कधीच मिळत नसे. प्रत्येकाला एक लांब कागदी पट्टी मिळे. तिच्यावर फक्त त्याचीच वाक्ये आणि त्याआधीच्या माणसाचे शेवटचे तीन शब्द. ते तीन शब्द कानावर पडले की आपले वाक्य बोलायचे. आपला खून कोण करणार आहे हे कित्येकांना तालमीतच कळे.

पूर्ण नाटक दोघांनाच ठाऊक असे, आणि माझ्या किल्ल्याही त्या दोघांकडेच होत्या. एक गिल्बर्ट हॅरो, मंडळीचा मालक आणि मुख्य नट. त्याला सगळे 'मास्तर' म्हणत. दुसरा म्हातारा अँब्रोज थर्कल, आमचा प्रॉम्प्टर, म्हणजे नट वाक्य विसरला की आडून सांगणारा. गिल्बर्ट लहानपणी राजकन्येची कामे करायचा तेव्हा अँब्रोजनेच त्याला घागरा सावरून चालायला शिकवले होते. हॅरोला सकाळी उठायचा भारी कंटाळा, म्हणून पुढे त्याने आपली किल्लीही अँब्रोजच्या हवाली केली. मला ते मुळीच आवडले नाही. दोन कुलपांची पेटी एकाच माणसाच्या खिशात गेली, मग दुसऱ्या कुलपाला अर्थ काय राहिला?

मी चाळीसेक शोकांतिका पोटात सांभाळल्या आहेत, त्यामुळे मला त्यातले थोडेफार कळते. एक मोठा माणूस असतो. त्याच्यात एकच खोट असते, आणि ती त्याला सोडून सगळ्यांना दिसते. एक गोड बोलणारा दुष्ट असतो, आणि त्याच्यावरच सगळ्यांचा विश्वास असतो. रंगमंचाच्या तळातल्या दारातून भूत वर येते. मेंढीच्या रक्ताची पिशवी फुटते आणि पिटातल्या बायका किंचाळतात. सत्य मात्र यायचे ते पाचव्या अंकात. ते दुसऱ्या अंकात आले तर माणसे वाचतील, पण मग पिटातले लोक उष्टी सफरचंदे फेकून मारतील.

देशाच्या म्हाताऱ्या राणीबाईंच्या हयातीतल्या शेवटच्या हिवाळ्यात आमच्याकडे एका संशयी ड्यूकचे नाटक आले. हा ड्यूक आपल्या म्हाताऱ्या गुरूवर विषप्रयोगाचा संशय घेतो, त्याला भोसकतो आणि मग खरे काय ते कळल्यावर स्वतःचा जीव घेतो. हॅरो ड्यूक झाला. गुरूच्या प्रेताजवळ गुडघे टेकून तो असा काही रडे, की समोर आक्रोड फोडणारे खाटीकसुद्धा थांबत. नाटकघर रोज भरू लागले.

त्याच दिवसांत मला अँब्रोजचा संशय येऊ लागला. तो सकाळी सगळ्यांच्या आधी येई, दोन्ही कुलपे काढी, प्रत घेऊन खिडकीच्या उजेडात बसे आणि काहीतरी लिही. कोणाचे पाऊल वाजले की कागद डगल्याखाली. नाटकाच्या प्रतीवरून चोरून लिहिणारा माणूस काय करत असतो, हे एखाद्या पेटीला सांगावे लागत नाही. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

संशय आला नाही तो एकाच माणसाचा. जोसायस पेल नावाचा तो नट दूत आणि पहारेकरी अशी किरकोळ कामे करी. त्याने माझ्या कुलपाला कधी बोटही लावले नाही. त्याचा प्रवेश नसला की तो माझ्या झाकणावर येऊन बसे, आक्रोड खाई आणि पडद्यापलीकडची वाक्ये ओठांतल्या ओठांत पुटपुटत राही. मला वाटे, काय हा नाटकवेडा! बसल्या जागी दुसऱ्यांचीही भाषणे घोकतो.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी हॅरो तणतणत रंगपटात शिरला. त्याच्या हातात एक छापील पुस्तक होते. सेंट पॉल चर्चच्या आवारातल्या पुस्तकांच्या दुकानात ते उघड्यावर मांडलेले होते. ते आमचे नाटक होते.

सगळे पुस्तकावर तुटून पडले, आणि त्यांनी काय केले, ठाऊक आहे? जन्मभराच्या सवयीप्रमाणे प्रत्येकाने फक्त स्वतःची वाक्ये शोधली.

"हे बघा! माझ्या मरणाच्या भाषणाचा पार भुगा केलाय!" गुरूचे काम करणारा नट ओरडला.

"तुझं निदान भाषण तरी आहे," हॅरो गरजला. "माझी बारा वाक्यं गिळलीत मेल्यांनी. आणि हे वाक्य तर मी कधी बोललोच नाही!"

जोसायस आपले पान पाहून म्हणाला, "आपल्या दूताला कोण विचारतो, मास्तर!" सगळे हसले. मग त्याने आवाज उतरवला. "मी कुणाचं नाव घेत नाही. अँब्रोजकाका रोज सकाळी काहीतरी लिहीत बसलेले दिसतात, एवढंच. वयस्कर माणूस आहे, मी कशाला बोलू?"

हॅरो अँब्रोजकडे वळला. "दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे आहेत."

"तूच दिल्यास."

"काय लिहीत होता?"

मी मनात म्हणत होते, बोल रे म्हाताऱ्या, आता का दातखीळ बसली? मला आनंदच झाला होता मित्रांनो, हे मी लपवत नाही. माझा संशय खरा ठरत होता.

"शेवटचं विचारतोय, काका. काय लिहीत होता?"

"गिल्बर्ट, तुला पहिलं वाक्य मी बोलायला शिकवलं," अँब्रोज म्हणाला. "तोंडात गारगोटी धरल्यासारखा बोलायचास. आज त्याच तोंडानं मला चोर म्हणतोस?"

"मी चोर म्हटलं नाही. तुम्ही उत्तर द्या."

"उत्तर मागितलंस, यातच म्हटलंस."

त्याने दोन्ही किल्ल्या माझ्यावर ठेवल्या. ठेवताना हात चाचपडला आणि एक किल्ली खाली पडली. मला तो हात चोराचा वाटला. थोडा दोष म्हाताऱ्याचाही होताच. तो हट्टी होता आणि मानी होता. डगला खुंटीवर तसाच सोडून तो थंडीत निघून गेला. जोसायस त्याला दारापर्यंत सोडायला गेला आणि त्याने गळ्यातला रुमाल काढून त्याच्या मानेभोवती बांधला. किती चांगला माणूस, असे सगळे म्हणाले. हॅरोने ते छापील पुस्तक मूळ प्रतीच्या उरावर आदळले आणि मला कुलपे लावली.

पुढे महिनाभर ती दोन पुस्तके माझ्या पोटात एकमेकांना टेकून पडली होती. खरे काय ते माझ्याच पोटात होते आणि मी चोर बाहेर शोधत होते. बाहेर हॅरो रोज दुपारी गुरूच्या प्रेताजवळ रडत होता. तो नेहमीपेक्षा चांगले रडत होता. एवढे रडूनही त्याला त्या नाटकातले एक अक्षरही कळले नव्हते.

मार्चमध्ये राणीबाई आजारी पडल्या आणि नाटकघरे बंद झाली. त्या वारल्या, आणि मागोमाग शहरात प्लेग आला. जोसायस कोणाला न सांगता एका फिरत्या मंडळीबरोबर निघून गेला. मेच्या सुरुवातीला आमच्या मंडळींनीही गावोगाव हिंडायचे ठरवले आणि सामान बांधायला घेतले. ते काम टॅमझिनबाईकडे होते. ती आमचे पोशाख सांभाळी, आणि तिला स्वतःचा असा एकही संवाद नव्हता. म्हणूनच की काय, माझे झाकण उघडल्यावर तिने दोन्ही पुस्तके मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. त्या नाटकघरात ते कोणी केलेच नव्हते.

"मास्तर, जरा इकडे या."

"काय आहे? मखमलीला कसर लागली का?"

"मखमलीचं सोडा. या पुस्तकात तुमची वाक्यं मोडलीत. गुरूची मोडलीत. ड्यूकच्या राणीची तर ओळखूच येत नाहीत. दूताची मात्र जशीच्या तशी आहेत, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. पहारेकऱ्याचीही तशीच. दूत रंगमंचावर असतो ना, तेव्हा बाकीच्यांचीही जरा बरी आहेत. तो आत गेला की सगळा गोंधळ."

हॅरोने दोन्ही पुस्तके आपल्याकडे ओढली.

"अँब्रोजकाकांनी प्रत विकली असती, तर ती अशी फाटकी कशाला विकली असती? त्यांच्याकडे तर अख्खं नाटक होतं," ती म्हणाली. "हे कुणी उतरवलेलं नाही, मास्तर. हे कुणीतरी ऐकून ऐकून सांगितलंय."

मित्रांनो, तेव्हा मला कळले. माझ्या कुलपाला चोराने हात लावलाच नव्हता. चोरी माझ्याच पाठीवर बसून, आक्रोड खात खात, रोज दुपारी झाली होती. मला कुलूप होते म्हणून मी किल्लीवाल्याकडेच पाहत राहिले.

"मग ते लिहीत काय होते?" हॅरोने विचारले.

टॅमझिन उठली आणि तिने प्रॉम्प्टरच्या स्टुलामागच्या खुंटीवरून तो जुना डगला काढला. त्याच्या मागे, भिंतीवर, कागदच कागद टाचलेले होते. त्यांवर आमचेच नाटक होते आणि एकेक अक्षर बोटाएवढे जाड होते.

"एवढी मोठी अक्षरं कशाला?"

"दिसत नव्हतं हो त्यांना. तुम्ही वाक्य विसरलात आणि त्यांना वाचता आलं नाही, तर तीन हजार लोकांसमोर तुमची फजिती. म्हणून लिहून ठेवत होते. सांगितलं असतं, तर त्यांच्या जागी दुसरा आणला असता ना तुम्ही?"

हॅरोने 'नाही' म्हटले नाही. त्याने डगला उचलला आणि टोपी न घालताच बाहेर पडला.

संध्याकाळच्या आत तो परत आला. डगला त्याच्या हातातच होता. तो माझ्यावर बसला.

"काकांच्या दारावर प्लेगचा तांबडा क्रूस आहे," तो म्हणाला. "बाहेरून कडी घातलीय. पहारेकरी जवळ जाऊ देईना. म्हणाला, आत कोण जिवंत आहे, कोण नाही, मलाच ठाऊक नाही. मी खिडकीखाली उभा राहून ओरडलो. सगळं सांगितलं. माफी मागितली. सगळी गल्ली गोळा झाली, टॅमझिन. ती खिडकी काही उघडली नाही."

अँब्रोज पुन्हा कोणालाच दिसला नाही. त्या साली माणसे मोठमोठ्या खड्ड्यांत पुरत, त्यामुळे त्याची कबरही नाही.

पुढे मी पुष्कळ वर्षे काम केले. नव्या नटांना माझी दोन कुलपे कौतुकाने दाखवत. मग नाटकांवरच बंदी आली, 'बगळा' पाडला आणि मला एका सराईवाल्याने उचलून नेले. आता मी तबेल्यात असते. माझ्या पोटात घोड्यांचा जव असतो, एक कुलूप मोडले आहे, आणि उंदीर येतात जातात तेव्हा मी काही म्हणत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, त्यांना ओलीत टाकू नका, हे मी सांगायलाच हवे. पण वस्तू जपता जपता माणसाला उत्तर मागायची वेळ आली, तर आधी त्याचे डोळे पाहा. मी हात पाहिले. त्या दिवशी किल्ली का पडली, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

हॅरोने ते नाटक पुन्हा कधी केले नाही. म्हातारपणी तो माझ्यावर येऊन बसे आणि एकच गोष्ट विचारी.

"टॅमझिन, त्यांनी ऐकलं असेल का गं?"

"ऐकलं असेल, मास्तर," ती दर वेळी सुई न थांबवता म्हणे. "डोळे गेले होते त्यांचे. कान फार तिखट होते."

मी जन्मभर ज्याच्या त्याच्या शब्दावर संशय घेत आले. टॅमझिनच्या या एका वाक्यावर मात्र मी अजून संशय घेतलेला नाही.