पाठीवरचा पांढरा मेंढा

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. पूर्वी मी सेनेगलच्या सेंट लुई गावातल्या एका खिडकीत होते. खाऱ्या वाऱ्याने चौकट कुजली आणि मी मारेमच्या हाती आले. मारेम काचेवर चित्रं काढते. तिने माझ्या पाठीवर मेंढा काढला, इब्राहिम अल्लासाठी लेकाचा बळी द्यायला निघाला तेव्हा त्या लेकाच्या जागी स्वर्गातून उतरला तो.

आमच्या कामाची रीत उलटी. लोक समोरून बघणार, म्हणून रंग मागून द्यायचा. शिंगं, डोळा, डोळ्याखालचा काळा ठिपका हे सगळं आधी आणि पांढरं अंग अगदी शेवटी. मी इतकी खुलले, की सारी गल्ली बघायला आली. खरं सांगते, मी जरा फुगलेच होते.

मासेक हा मारेमचा थोरला भाऊ. चित्र त्याच्या नमाजाच्या खोलीत लागायचं होतं. त्याला तो ठिपका खुपला.

"अगं, स्वर्गातल्या मेंढ्याला डाग? काढून टाक तो."

"आपण गच्चीवर पाळलेल्या मेंढ्याला होता ना, दादा? तू तर त्याला हाताने भरवायचास."

"तो गच्चीवरचा होता. हा अल्लाकडून आलाय!"

"मग मेंढ्याचं राहू दे, आधी तुझा डोळा धू," असं म्हणून ती बाजारात गेली.

दादाने पातं घेतलं. ठिपका माझ्या अंगाला चिकटलेला, त्याच्यामागे पांढरा रंग. तिथवर पोचायला त्याला आधी पांढरंच खरवडावं लागलं. मेंढ्याचा गाल निघून आला, तेव्हा तो घाबरून थांबला. ठिपका तसाच होता. मारेमने परत येऊन ते पाहिलं आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं. मी भिंतीकडे तोंड करून धूळ खात पडले. मला फार वाईट वाटायचं.

तबास्कीच्या, म्हणजे बकरी ईदच्या, संध्याकाळी आमच्याकडे नवे कपडे घालून घरोघर जातात आणि एकमेकांची माफी मागतात. दादा अख्खी गल्ली फिरला. बहिणीच्या दारात तो सगळ्यात शेवटी आला.

"माफ कर, मारेम."

"हे तू न्हाव्यालाही म्हणून आलास. मला कशाबद्दल म्हणतोयस?"

"डाग काढायला गेलो आणि पांढरंच घालवून बसलो."

मारेमने मला उचललं, पुसलं आणि कुंचला त्याच्या हाती दिला. "भर आता. आणि बाह्या सावर, नवा झगा आहे. मीपण तुला टोचून बोलले, मलाही माफ कर."

मित्रांनो, आज मी नमाजाच्या खोलीत आहे. ठिपक्यामागचा रंग थोडा जाडसर दिसतो, तो दादाच्या हातचा. माझं एवढंच मागणं आहे, कोणाचा डाग काढायला पातं उचलाल, तर आधी त्यामागचं पांढरं जपा. दादा मला रोज पुसतो. त्या ठिपक्यापाशी आला की त्याचा हात अजूनही हळू होतो.